चाळ आमचे, सर्टिफिकेट कुणाचं?

हा अंक दीड महिना उशिरा निघतोय. कारण सांगायला मला लाज वाटत नाही. कागदाला पैसे नव्हते. धक्क्यावर काम कमी, कंत्राटदाराकडे पाळ्या कमी, आणि कंत्राटी माणसाला पाळी नाही तर मजुरी नाही. ज्यांनी वर्गणी दिली त्यांना जयभीम. ज्यांनी नुसती कबूल केली त्यांनी दार लावून बसू नये, मी येतोय.

आता मुद्द्याचं. या खेपेचं संपादकीय नाचावर आहे. म्हणजे नाचून पोट भरणारांवर, नाच शिकवणारांवर, नाच बसवणारांवर. काही दोस्तांनी आधीच नाकं मुरडली. म्हणाले, अत्याचारावर लिही, आरक्षणावर लिही, बेकारीवर लिही, हे नाचगाणं कुठून काढलंस? दोस्तहो, मी बेकारीवरच लिहितोय. शेवटपर्यंत वाचा, मग शिव्या द्या.

घरापासून सुरू करतो.

माझी धाकटी बहीण नाच शिकवते. बारावी झाली, पुढची फी झेपली नाही. आधी तिनं वस्तीतल्या पोरापोरींचा ग्रुप बसवला, समाजमंदिराच्या मागच्या पडवीत. मग गणपतीत, नवरात्रात सोसायट्यांच्या पोरांचे नाच बसवून द्यायला लागली. मग एका इंग्रजी शाळेत तासावर लागली. तास झाला तर पैसे. परीक्षेच्या महिन्यात तास नाही, मे महिन्यात शाळा नाही. म्हणजे माझ्यासारखंच. तिच्या न् माझ्या धंद्यात फरक इतकाच की तिला कामावर जाताना इस्त्रीचे कपडे लागतात.

आणि घरात आत्या आहे. आत्या बावीस वर्षं ढोलकीच्या फडात नाचली. दसऱ्याला बाहेर पडायची ती पावसाच्या तोंडाला परत यायची. किलोकिलोचे चाळ बांधून रात्र रात्र काढली. घोट्यावर काळे वळ आहेत, अजून गेले नाहीत. गुडघे गेले. आता ती दारात बसून असते. बहीण कामावरून आली की आत्यापुढं बसते. आत्या बसल्या जागी मानेनं सांगते, डोळ्यानं सांगते, आणि पाय कसा टाकायचा ते दोन बोटं फरशीवर चालवून दाखवते. त्या दोन बोटांवरून माझी बहीण सोळा पोरींची लावणी बसवते. हे मी डोळ्यांनी बघितलेलं आहे.

मागल्या डिसेंबरात त्या शाळेचं गॅदरिंग झालं. दोन महिने बहिणीनं पोरी घासल्या. कार्यक्रमाची पत्रिका छापली, आर्ट पेपरवर. त्यात मांडववाल्याचं नाव, माईकवाल्याचं नाव, चहापाणीवाल्याचं नाव. नृत्यदिग्दर्शनापुढं एका बाईंचं नाव. त्या बाई विशारद आहेत. दोनदा येऊन तालीम बघून गेल्या होत्या. बहिणीचं नाव कुठंच नाही. तिनं विचारलं तर सांगितलं, तुमच्याकडे क्वालिफिकेशन नाही, पालक विचारतात.

त्या रात्री मी तिच्या बाजूनं उभं राहायला पाहिजे होतं. मी काय म्हणालो? म्हणालो, बरं झालं, सोड आता हे. आपल्यात नाचायचं नाही. बाबासाहेबांनी काय सांगितलंय माहीत आहे ना?

ती म्हणाली, ‘दादा, तू गोण्या उचलतोस ते कुठल्या भाषणात सांगितलंय?’

मला उत्तर आलं नाही. आत्या खाली मान घालून बसली होती. माझा घाव तिच्यावर पडला होता हे मला नंतर कळलं. हे संपादकीय म्हणजे त्या रात्रीचं राहिलेलं उत्तर.

तर बाबासाहेबांनी काय सांगितलं ते नीट बघू. जून १९३६. परळचा दामोदर हॉल. वाघ्या, मुरळ्या, देवदासी, जोगतिणी यांची सभा. कामाठीपुऱ्यातल्या बाया समोर बसलेल्या. बाबासाहेबांनी त्यांना सरळ सांगितलं की हे जिणं सोडा, यात राहून समाजात मान मिळणार नाही. पोट कशावर भरायचं म्हणाल, तर ते मी सांगत बसणार नाही, त्याला शेकडो वाटा आहेत. हा त्या भाषणाचा अर्थ, शब्द माझे. पठ्ठे बापूरावांनी तमाशाचे पैसे चळवळीला देऊ केले आणि बाबासाहेबांनी ते नाकारले, हा किस्साही आपल्या वस्त्यांत म्हाताऱ्यांना पाठ आहे.

बाबासाहेब बरोबर होते. हे आधी ठणकावून सांगतो, म्हणजे उद्या कुणी म्हणायला नको की हा पोरगा तमाशाचं कौतुक करायला निघाला. तमाशाच्या बोर्डावर महारामांगाची बाई, कोल्हाट्याची बाई का उभी होती? कलेची सेवा करायला? जातीनं उभी केली होती. तिचा नाच आणि तिचं शरीर यांत गावानं फरक ठेवला नव्हता. पाटलानं दौलतजादा करायचा, मिशीला पीळ द्यायचा, आणि सकाळी तिची सावली चुकवायची. तिनं उचल घेतलेली, फडमालकानं सावकाराकडून घेतलेली, सगळे एकमेकांच्या दावणीला. ऊसतोडीला जाणाऱ्या माणसाला उचल म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. त्या दावणीतून बाई सुटली पाहिजे हे बाबासाहेबांचं म्हणणं होतं. आम्ही सुटलो म्हणून आज हा अंक काढतोय.

पण पुढचं बघा.

आपण मेलेली ढोरं ओढणं सोडलं. फार चांगलं केलं. म्हणून कातड्याचा धंदा बंद पडला का? नाही पडला. मालक बदलले. कातडं सोलताना त्याला वास येत होता. त्याची पर्स झाली, काचेच्या कपाटात गेली, आता तिला वास येत नाही. नाचाचंही तेच झालं. आपल्या बायांनी चाळ सोडले ते बरं झालं. पण चाळांचा धंदा चालूच राहिला. आपण नाचत होतो तेव्हा तो नाच छिनाल होता, त्यांनी उचलला तेव्हा तो संस्कृती झाला.

हे एकट्या महाराष्ट्रात झालेलं नाही. तिकडं मद्रासेत बघा. देवळाला वाहिलेल्या बाया पिढ्यानपिढ्या सदिर नाचत होत्या. त्यांना या जाचातून सोडवायला डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी झटल्या. त्यांची स्वतःची आई देवदासी घराण्यातली. १९४७ साली मद्रास प्रांतात देवदासी वाहण्याला बंदी करणारा कायदा झाला. कायदा बरोबरच होता. पण त्याच काळात तो नाच भरतनाट्यम या नावानं दुसऱ्या घरांत गेला. ज्या १९३६ साली दामोदर हॉलमध्ये बाबासाहेब बोलत होते, त्याच साली अड्यारला रुक्मिणीदेवींचं कलाक्षेत्र सुरू झालं. नाच देवदासींच्या नट्टुवनारांकडून शिकायचा आणि नट्टुवनारांच्या घरातल्या बाईनं मात्र नाचायचं नाही, असा सौदा. बालासरस्वती त्या जुन्या घराण्यातली, १९८४ ला वारली. ती शेवटपर्यंत मान ताठ ठेवून नाचली. तिच्यासारख्या किती राहिल्या? बाकीच्यांचं नावही कुणी लिहून ठेवलं नाही. आपल्या मुंबईत १९४५ साली माटुंग्याला राजराजेश्वरी कलामंदिर निघालं, तंजावरकडच्या नट्टुवनार घराण्याचं. तिथं शिकवणारे पुरुष गुरू झाले. त्या घराण्यातल्या बाया कुठं गेल्या, हा प्रश्न विचारायचा असतो.

आता इकडं या. तमाशाचा इतिहास शाळेच्या पुस्तकात येतो तेव्हा पठ्ठे बापूराव येतात. श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, रेठऱ्याचे. कुलकर्णीपण सोडून फडात शिरले, माणूस धाडसाचा, मी त्यांचं काही काढून घेत नाही. त्यांच्या लावण्या छापल्या गेल्या. पण त्या लावण्यांवर जी उभी राहिली ती पवळा, हिवरगावची, महाराची. तमाशाच्या बोर्डावर आलेल्या पहिल्या बायांपैकी एक. शब्द बापूरावांचे, हे सगळे म्हणतात. मग पाय कुणाचे? ती अदा कुणी बसवली? हात कमरेवर कधी जायचा, मान कधी वळायची, हे बापूरावांनी लिहून दिलं होतं का? नाच बसवणाऱ्या माणसाला आज नृत्यदिग्दर्शक म्हणतात. त्या अर्थानं पवळा नृत्यदिग्दर्शक होती. तसं कुठं छापलेलं मला तरी सापडलं नाही.

विठाबाई घ्या. विठाबाई नारायणगावकर, भाऊ-बापू मांग यांच्या फडातली. नऊ महिने भरलेले असताना बोर्डावर नाचत होती, कळा आल्या, मागं गेली, बाळंत झाली, दगडानं नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर उभी राहिली. ही गोष्ट मोठ्या कौतुकानं सांगतात. मला ती ऐकताना कौतुक वाटत नाही, संताप येतो. धक्क्यावर टोळीतला माणूस जखमी झाला की मुकादमसुद्धा काम थांबवतो. समोर बसलेल्या त्या हजारो माणसांत एकालाही खेळ थांबवावासा वाटला नाही? १९५७ ला आणि १९९० ला राष्ट्रपतींच्या हातून तिचा गौरव झाला. २००२ च्या जानेवारीत ती मेली तेव्हा दवाखान्याचं बिल लोकांनी वर्गणी काढून भागवलं. चार वर्षांनी, २००६ पासून, सरकार तिच्या नावानं जीवनगौरव पुरस्कार द्यायला लागलं.

यमुनाबाई वाईकर. जन्म १९१५. लहानपणी आईबरोबर रस्त्यावर नाचून मागून खाल्लं. बैठकीच्या लावणीची अदाकारी तिच्याइतकी कुणाला येत होती? १९७७ ला संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, २०१२ ला पद्मश्री. तेव्हा वय ९६. शंभरी पार करून २०१८ ला गेली. इतकं आयुष्य मिळालं, पण तिच्या नावाची पदवी निघाली नाही, तिचा अभ्यासक्रम निघाला नाही.

पदवीचं जरा सविस्तर सांगतो, कारण खरी गोम तिथं आहे. आपल्याकडे शास्त्रीय म्हणून मान्य झालेले नाच आठ. बाकी सगळे लोकनृत्य. शास्त्रीय म्हणजे ज्याला शास्त्र आहे. लावणीला नाही का? बैठकीची वेगळी, फडाची वेगळी. एका ओळीवर बसल्या जागी वीस तऱ्हांनी भाव दाखवायचा, ढोलकीच्या तोड्याला पायानं जबाब द्यायचा, हे काय आपोआप येतं? पण ते शास्त्र बाईच्या अंगात होतं, पोथीत नव्हतं. कथकला, भरतनाट्यमला गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा आहेत. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार. एकेक पायरी, एकेक कागद. मुंबईत नालंदासारखं विद्यापीठाशी जोडलेलं नृत्य महाविद्यालय १९७३ पासून आहे. हे सगळं वाईट आहे असं मी म्हणत नाही. कागद पाहिजेच. आपण कागदाचं मोल ओळखणारी माणसं आहोत, आपल्या घरात पहिला कागद आला तो दाखला म्हणून. पण आत्यासाठी तो कागद कुठं आहे? मुंबई विद्यापीठात लोककला अकादमी आहे, तिथं लावणी-तमाशाचा अभ्यास होतो. ठीक. पण शिकवणारी म्हणून फडातली बाई किती ठिकाणी उभी राहते, किती पगारावर, कायम की तासावर? पाहुणी म्हणून बोलावायचं, शाल-नारळ द्यायचा, टाळ्या वाजवायच्या, परत पाठवायचं. शाल घालून गुडघ्याचं ऑपरेशन होत नाही.

आत्याच्या मानधनासाठी मी एका कचेरीत गेलो होतो. म्हाताऱ्या कलावंतांना सरकार मानधन देतं, चांगली गोष्ट आहे. कारकून म्हणाला, पुरावे आणा. कात्रणं, फोटो, प्रमाणपत्रं. गुरू कोण? आत्या म्हणाली, आई. कुठली संस्था? आत्या म्हणाली, आईच. कारकून हसला. वाईट माणूस नव्हता, त्याच्या फॉर्मात आईला रकाना नव्हता. आत्यानं लुगडं चार बोटं वर करून घोट्यावरचे वळ दाखवले. त्यानं मान खाली घातली आणि म्हणाला, मावशी, याची झेरॉक्स निघत नाही हो.

आता सिनेमाकडं वळू, कारण आपली पोरं तिकडंच बघतात. रिअॅलिटी शो, फिल्मसिटी, कोरिओग्राफर. वस्तीतल्या दहा पोरांपैकी चार पोरांना आज कोरिओग्राफर व्हायचंय. त्यांनी दोन नावं ध्यानात ठेवावीत.

एक भगवानदादा. भगवान आबाजी पालव. गिरणी कामगाराचा पोरगा. १९५१ ला ‘अलबेला’ काढला, त्यात स्वतः नाचला. शास्त्रबिस्त्र काही नाही, खांदे नि हात हलवत असा काही नाचला की अमिताभपासून पुढं किती जणांनी तो उचलला. गणपतीच्या मिरवणुकीत तुम्ही आम्ही नाचतो तेव्हा अर्धा भगवानदादाच नाचत असतो. त्या नाचाचे पैसे पुढं कुणाकुणाला मिळाले, त्याला नाही मिळाले. पैसा आला तसा गेला, त्यात त्याच्याही चुका असतील. शेवट दादरच्या चाळीत, २००२ च्या फेब्रुवारीत. विठाबाई जानेवारीत गेली, हा वीस दिवसांनी. एकानं सिनेमाला नाच दिला, एकीनं महाराष्ट्राला. दोघांचाही शेवट हलाखीतच.

दुसरं नाव सरोज खान. फाळणीत इकडं आलेल्या घरातली. लहानपणी पोटासाठी ग्रुपमध्ये नाचायला लागली, मग सोहनलाल मास्तरांच्या हाताखाली नाच बसवायला लागली. स्वतंत्र काम मिळालं १९७४ च्या ‘गीता मेरा नाम’ला. ‘तेजाब’ आला १९८८ ला. तोपर्यंत फिल्मफेअरला नाच बसवणाऱ्यासाठी बक्षीसच नव्हतं! संगीताला होतं, गाण्याच्या शब्दांना होतं. त्या एका गाण्यानंतर बक्षीस सुरू करावं लागलं. ती २०२० ला गेली. तिनं लहान वयात लग्नाच्या नावाखाली काय सोसलं हेही तिनं लपवलं नाही. पोरांनो, तुम्ही तिचं नाव टीव्हीवर बघितलंत. तिच्या मागं रांगेत नाचणारे शेकडो होते, त्यांचं नाव पडद्यावर येत नाही. ग्रुप डान्सरांची मुंबईत युनियन आहे, कार्ड असतं, शिफ्ट असते. गोदीसारखंच. वय वाढलं, पाठ गेली, की रांगेतून बाहेर. म्हणून नाचात पडताय तर आधी युनियन म्हणजे काय ते शिका, मग स्टेप शिका.

आणि ज्यांना पडदा मिळाला नाही, रांगही मिळाली नाही, त्या बारमध्ये नाचल्या. त्यांच्यात पिढ्यानपिढ्या नाचावर जगणाऱ्या जातींतल्या कितीतरी होत्या. २००५ साली महाराष्ट्र सरकारनं डान्सबार बंद केले. कायदा असा की साध्या बारमध्ये नाच बंद, तीन तारे आणि वरच्या हॉटेलांत चालू. म्हणजे बाई तीच, कंबर तीच, पण दारू महाग असली की अश्लीलता उडून जाते! २००६ ला हायकोर्टानं आणि २०१३ ला सुप्रीम कोर्टानं हा भेदभाव मोडून काढला. आठ वर्षं गेली. आठ वर्षांत नाचणाऱ्या बाईचं वय कुठल्या कुठं जातं. त्या कुठं गेल्या, काय काम केलं, कुणी विचारलं? समाज सुधारायचा म्हणून पहिला घास नेहमी तिच्याच ताटातला काढायचा आणि दुसरं ताट वाढायचं नाही, ही सुधारणा मला मान्य नाही. बाबासाहेबांनी बाईला धंद्यातून बाहेर यायला सांगितलं ते तिला माणूस म्हणून उभं करायला. सरकारनं बाहेर काढलं ते फुटपाथवर.

मग आपण काय करायचं? नुसत्या शिव्या देऊन अंक भरतो, पोट भरत नाही. माझ्यासारख्या मॅट्रिक पास माणसाला वाचून जे कळलं ते सांगतो.

१९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. त्यात नृत्यरचना ही नाट्यकृतीत धरलेली आहे. म्हणजे नाच बसवणारा हा कायद्यानं लेखकासारखा कर्ता आहे. पण अट अशी की ती रचना लिहून किंवा दुसऱ्या कुठल्या रीतीनं पक्की केलेली पाहिजे. ही अट वाचली तेव्हा मला आत्या आठवली. बावीस वर्षांचा नाच तिनं हवेत लिहिला. आज मात्र वस्तीतल्या प्रत्येक पोराच्या खिशात मोबाइल आहे. आपण त्यावर रात्रभर दुसऱ्यांचे नाच बघतो. दोस्तहो, तो उलटा फिरवा. बसवलेला नाच सुरुवातीपासून शेवटपर्यंत चित्रित करा, कुणी बसवला, कुठल्या तारखेला, ते तोंडानं बोला. पावलांची वही ठेवा. जुनी अदा कुणा एकाची होत नाही, ती सगळ्यांची, तिच्यावर कुणी मालकी सांगू नये. पण सोळा पोरींची जी मांडणी माझ्या बहिणीनं केली ती तिची.

दुसरं. नोकरीत केलेलं काम, वेगळा करार नसेल तर, मालकाचं होतं. म्हणून तासावर काम घेताना कागद करा, त्यात नाव कुठं आणि कसं छापणार ते लिहून घ्या. त्याच कायद्याचं कलम ५७ आहे. हक्क विकला तरी ही कृती माझी असं सांगायचा कर्त्याचा अधिकार जात नाही. त्या आर्ट पेपरवर बहिणीचं नाव नव्हतं, तो नुसता अपमान नव्हता, तिचा हक्क मारला होता. आम्हाला माहीत नव्हतं. आता तुम्हाला माहीत झालं.

तिसरं. २०१२ साली या कायद्यात दुरुस्ती झाली. सिनेमातलं गाणं लिहिणाऱ्याचा आणि चाल लावणाऱ्याचा रॉयल्टीचा वाटा निर्मात्याला लिहून घेता येत नाही. ज्या गाण्यावर अख्खा देश नाचतो त्याचा नाच बसवणाऱ्याचं त्या तरतुदीत नाव नाही. ही मागणी आपल्या मोर्च्यांत आली पाहिजे. त्याचबरोबर फडातल्या, बारीतल्या बाईला शिकवायची पात्रता तिच्या कामावर द्या, कागदावर नको. तिला विद्यापीठात, शाळेत पगारावर घ्या. मानधनाच्या फॉर्मात आईचा रकाना ठेवा. २०२० ची आणि २०२१ ची यात्रा लॉकडाऊनमध्ये बुडाली तेव्हा नारायणगावच्या राहुट्या ओस पडल्या, सुपाऱ्या गेल्या, उचल तशीच डोक्यावर राहिली. गिरणी कामगाराला, गोदी कामगाराला निदान फंड ठाऊक आहे. फडकऱ्याला फंड नाही. तो पाहिजे.

आणि चौथं आपल्या स्वतःसाठी, हे सगळ्यांत कडू आहे. चौदा एप्रिलला आपल्याच मिरवणुकीत डीजेवर लावणी लागते तेव्हा शिट्टी कोण मारतं? भांडणात समोरच्याला ‘नाच्या’ म्हणून कोण हिणवतं? पोरगी नाचाच्या क्लासला जाते म्हटल्यावर ‘आपल्यात नाही चालत’ म्हणणारा मीच होतो. आपण पाटलाची नजर घरात आणून ठेवली आणि तिला बाबासाहेबांचं नाव दिलं. मी दिलं. बाबासाहेब जातीनं लादलेलं जिणं सोडा म्हणाले. मान राखून, मजुरी घेऊन, नाव छापून, कुणाच्या दावणीला न बांधता एखादी पोरगी नाच शिकवत असेल, तर ती त्यांनी सांगितलेल्या शेकडो वाटांपैकीच एक वाट आहे. फडात परत जा असं मी कुठल्याही पोरीला सांगणार नाही. पण आपल्या आज्यांचं कसब दुसऱ्याच्या सर्टिफिकेटवर चढू द्या असंही सांगणार नाही.

बहिणीला त्या शाळेनं पुन्हा बोलावलंय. तिनं या वेळी कागद मागितलाय. शाळा विचार करून कळवते म्हणाली. कदाचित कळवणार नाहीत, आणि महिन्याचे तेवढे पैसे जातील. ते गेले तर पुढचा अंक आणखी लांबेल, कारण या अंकाच्या कागदाचे निम्मे पैसे तिनेच दिलेत. हे तिनं लिहू नको म्हणून सांगितलं होतं. पण नाव न छापण्याबद्दल एवढं लिहून मीच तिचं काम लपवायचं, हे जमणार नाही.

मागच्या रविवारी समाजमंदिराच्या पडवीत मी मोबाइल धरून उभा होतो. आत्याला खुर्चीवर बसवलं. पहिल्यांदा ती बोललीच नाही, मग म्हणाली, ‘काय सांगू लेका?’ म्हटलं, तुझं नाव सांग, आईचं नाव सांग, मग जे येतं ते दाखव. चाळीस मिनिटं झाली. हात कापत होते, नजर कापत नव्हती. ज्यांच्या घरात अशी आत्या, आजी, मावशी आहे त्यांनी या महिन्यात एवढं करावं. गेल्यावर शोकसभा घेण्यापेक्षा हे सोपं आहे.

वर्गणीचं विसरू नका.

जयभीम.